बाबासाहेबांचा राजीनामा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. बडोद्यात नोकरी मिळाली, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. १९१८च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये! तरी राहिले परळच्या चाळीतच, दोन खोल्यांत. रमाबाईंनी मोजक्या पैशांत घर चालवले. उरेल ते लंडनसाठी.

मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. मी इथेच अडतो. दिवसभर दुकानात हिशेब लिहून मी बी. ए. करतो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझा पगार थांबला तर दुसऱ्या महिन्यात चूल थांबेल. त्यांच्याही घरी बायको होती, लहान मुलगा होता. शिल्लक पुरेना, तेव्हा शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन ते जुलैत निघाले. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले, डी. एस्सी.ही त्याच वर्षी मिळाली. या यशाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. रमाबाईंच्या त्या तीन वर्षांबद्दल कमी.

पुढे १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, कारकुनाने तास आटोपून कचेरी गाठावी म्हणून.

मीही सकाळच्याच तासांना बसतो. दुकान साडेदहाला उघडते.