बाटली नंबर ५३-एन

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरून जाणाऱ्या मुंबईकराला हाफकिन इन्स्टिट्यूट ही पाटी नवी नाही. केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या शेजारची ही जुनी वास्तू. सर्पदंशावरची लस, प्लेगची लस आणि पोलिओचे डोस यांच्याशी हे नाव आपल्या मनात जोडले गेले आहे. पण ज्या माणसाचे हे नाव, त्याच माणसाला एकोणीस जणांच्या मृत्यूचा ठपका कपाळी घेऊन हा देश सोडावा लागला होता, हे किती जणांना ठाऊक असते? तो ठपका कसा लागला, तो पुसायला पाच वर्षे का लागली आणि पुसल्यानंतरही त्याचा डाग का राहिला, ही हकीकत आजही विचार करायला लावते. रुग्णालयात काही विपरीत घडले की आपण सगळे पहिला प्रश्न हाच विचारतो, की दोष कुणाचा? हाफकिन यांचे आयुष्य सांगते, की हा प्रश्न घाईने विचारला तर खरे उत्तर हातून निसटते.

ओडेसाचा विद्यार्थी

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबातला. ओडेसाच्या विद्यापीठात इल्या मेच्निकोव्ह यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. झारच्या राज्यात ज्यूंवर सामूहिक हल्ले होत, तेव्हा आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते. त्यापायी त्यांना अटक झाली. मेच्निकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून सुटका झाली. बुद्धी होती, पदवी होती, पण प्राध्यापकी मात्र मिळेना. धर्म बदला, मग पाहू, असा सरकारी खाक्या होता. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही. त्यांनी देशच सोडला.

जिनिव्हामार्गे ते १८८९ मध्ये पॅरिसला पोहोचले. पाश्चर यांच्या संस्थेत त्या वेळी जागा होती ती ग्रंथालयातली. दिवसा पुस्तकांची देखभाल आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, अशी या शास्त्रज्ञाची सुरुवात झाली. तेथेच त्यांनी कॉलऱ्यावरची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती सर्वप्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. जे दुसऱ्याला द्यायचे ते आधी स्वतः घ्यायचे, हा नियम त्यांनी पुढेही पाळला.

कॉलऱ्याचे खरे माहेरघर हिंदुस्थानात. म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. हा माणूस रशियन, त्यातून ज्यू, आणि वैद्यकाची पदवी नसलेला जीवशास्त्रज्ञ. इंग्रजी सरकारी डॉक्टरांच्या वर्तुळात त्यांच्याकडे संशयानेच पाहिले गेले. गरिबांच्या बस्तीत सुरुवातीला दगडही पडले. तेव्हा लोकांसमोर स्वतः टोचून घेऊन त्यांनी विश्वास मिळवला. सोबतीला चार बंगाली डॉक्टर होते. दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचून झाली. सक्ती कुणावरही नव्हती.

भायखळ्याची खोली आणि तुपाचे थेंब

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि शहराची झोप उडाली. बघता बघता माणसे गाव जवळ करू लागली, गिरण्या ओस पडल्या. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा; हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

ती कशी, हे आपल्या घरातल्या गृहिणीलाही समजेल असे आहे. मांसाच्या पातळ रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. इथल्या लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून रश्शाला मांस बकऱ्याचे. रश्शावर तुपाचे थेंब सोडायचे. त्या तरंगत्या तुपाला धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे. पुरेशी वाढ झाली की ते सारे ठरावीक तापमानाला तापवून जंतू मारायचे, वर थोडे कार्बोलिक अॅसिड घालायचे आणि बाटल्या भरायच्या. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपणहून पुढे आले त्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांपैकी बाराजणांना प्लेग झाला, सहाजण दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला, दोघेही बचावले. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंधेरा गावी त्यांनी याहून काटेकोर परीक्षा घेतली. घराघरांतून जवळपास निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना नाही. प्लेगने गाठलेल्या घरांत न घेतलेल्यांतले २६ गेले, घेतलेल्यांतले ३. औषध गुणकारी आहे असे नुसते म्हणायचे नाही, मोजून दाखवायचे, हा त्यांचा बाणा होता.

तो काळ आठवा. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्यात रँडसाहेबाच्या सोजिरांनी घरात शिरून चालवलेल्या तपासणीने लोक पेटले आणि २२ जूनला चाफेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. सरकारी वैद्यकाबद्दल मनामनांत भीती असताना मुंबईत तरुण आगाखान स्वतः लस घेऊन आपल्या खोजा समाजापुढे उदाहरण घालून देत होते. सक्तीने जे पुण्यात साधले नाही, ते विश्वासाने मुंबईत साधत होते.

काम वाढले तशी जागा अपुरी पडू लागली. अखेर ऑगस्ट १८९९ मध्ये परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस प्रयोगशाळेला मिळाले. या वाड्यात १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने वारल्या होत्या आणि पुढे गव्हर्नरांनी तेथला मुक्काम हलवला होता. कॉलऱ्याने रिकामी केलेली वास्तू कॉलऱ्याची लस शोधणाऱ्याच्या हाती यावी, हाही एक योगच.

मुलकोवालचा दिवस

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले होते. तेथल्या सरकारने मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचे ठरवले आणि परळकडे मागणी आली ती लाखांच्या हिशेबात. काम वेगाने व्हावे म्हणून हाफकिन यांनी लस बनवण्याची रीत थोडी बदलली. कार्बोलिक अॅसिड गाळले आणि निर्जंतुकीकरणाचा सगळा भार उष्णतेवर टाकला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत या रीतीचा अनुभव होता, त्यामुळे त्यांच्या मनात शंका नव्हती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातले मुलकोवाल गाव, आता पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस दिली गेली. आठवडाभराने गावात आक्रोश उठला. एकामागून एक माणसांना धनुर्वाताचे झटके येऊ लागले. एकोणीसजण गेले. नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की या एकोणीसही जणांना लस मिळाली होती ती एकाच बाटलीतून. तिचा नंबर ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांची लस घेतलेल्यांपैकी एकालाही धनुर्वात झाला नव्हता.

आता प्रश्न असा, की धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत शिरले कुठे? परळला बाटली भरताना, की मुलकोवालला ती उघडताना?

सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. आयोगाने कौल दिला, की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे प्रयोगशाळेतच ती दूषित झाली असावी. कार्बोलिक गाळल्याबद्दलही बोट दाखवले गेले. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते लंडनला परतले. ज्या कागदपत्रांवर हा निवाडा उभा होता, ती सगळ्यांसमोर यायला १९०६ साल संपत आले.

कागद उघडे झाले आणि चित्र पालटले. साक्षीत एक साधी गोष्ट नोंदलेली होती. ५३-एन उघडताना मदतनिसाच्या हातून बुचाचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो उचलून कार्बोलिकमध्ये नुसता बुडवला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि असल्या नुसत्या बुडवण्याला ते दाद देत नाहीत. शिवाय बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत ४१ दिवस गेले होते. इतके दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढत असते, तर बूच काढताच घाण वास सुटला असता. उघडणाऱ्याला तसा वास आला नव्हता.

मलेरियाचा डास शोधून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस या अन्यायाने अस्वस्थ झाले. त्यांनी आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात पत्र छापून हाफकिन यांची बाजू मांडली. नोव्हेंबरमध्ये सरकारने ठपका मागे घेतला.

दोषी सापडला, चूक हरवली

इथे क्षणभर थांबले पाहिजे. मुंबईचे प्रमुख दोषी नसतील तर मुलकोवालचा मदतनीस दोषी, असे म्हणून फाइल बंद करणे सोपे आहे. पण त्याने तरी काय केले? गावात उघड्यावर, रांगेत लोक उभे असताना, एकामागून एक बाटल्या उघडता उघडता त्याच्या हातून चिमटा निसटला. तुमच्या-माझ्या हातूनही निसटला असता. खरे प्रश्न वेगळेच आहेत. चिमटा पडला तर काय करायचे, हे त्याला कुणी शिकवले होते का? दुसरा उकळलेला चिमटा जवळ होता का? थोडा वेळ थांबून हत्यार उकळून घेऊ, असे वरिष्ठाला सांगण्याची सोय त्या घाईत होती का? आणि लाखो डोसांची मागणी येते, तेव्हा रीत बदलायची की नाही, हे एकट्या प्रमुखाने ठरवावे, की आणखी दोन जाणत्यांनी ती पारखावी? हा शेवटचा प्रश्न हाफकिन यांच्यावरही अन्याय न करता विचारता येतो.

असे प्रश्न विचारणारी चौकशी महिनाभरात पुढच्या गावातले जीव वाचवू शकली असती. प्रत्यक्षात पाच वर्षे गेली ती एका माणसाला आधी दोषी आणि मग निर्दोष ठरवण्यात. मुलकोवालच्या एकोणीस घरांना त्यातून काय मिळाले?

आणि तरीही या शोकांतिकेत हाफकिन यांच्या कारभाराची एक बाजू लख्ख दिसते. प्रत्येक बाटलीवर नंबर होता, ती कधी भरली याची नोंद होती, कोणत्या बाटलीची लस कुणाला दिली हेही सांगता येत होते. म्हणूनच १०७ जणांतून ते एकोणीस आणि पाच बाटल्यांतून ती एक वेगळी काढता आली. नोंदी नसत्या, तर सगळी लसच विषारी ठरली असती आणि लाखो माणसांचे संरक्षण गेले असते. आज आपल्या मुलाला लस देताना परिचारिका बाटलीवरचा क्रमांक कार्डावर लिहून घेते, ते कंटाळवाणे काम नव्हे. त्या आकड्यांत पुढच्या कुणाचा तरी जीव असतो.

उरलेले आयुष्य

निर्दोष ठरलेले हाफकिन हिंदुस्थानात परतले, पण परळला नाही. ती जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवले. तेथे लसीचे मोठे उत्पादन नव्हते आणि माणसांवर लस पारखण्याची परवानगीही नव्हती. कागदावर सन्मान परत आला, हात मात्र बांधलेलेच राहिले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. लग्न केले नव्हते. जो धर्म सोडायला तरुणपणी नकार दिला होता, त्याच्याच चिंतनात उतारवय घालवले आणि आपली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. तोवर मुंबईतून त्यांच्या प्लेगच्या लसीचे अडीच कोटींहून अधिक डोस बाहेर गेले होते. संचालक मॅकी यांनी नामकरणासाठी पुढाकार घेतला होता. ज्या दारातून त्यांना बाहेर पडावे लागले, त्याच दारावर त्यांचे नाव लागले.

परळच्या त्या फाटकावरून जाताना हाफकिन यांच्याबरोबर त्या एकोणीसजणांचीही आठवण ठेवावी. उद्या आपल्या ओळखीच्या रुग्णालयात काही विपरीत घडले, तर कुणाला धरायचे हे विचारण्याआधी चिमटा कुठे पडला, हे विचारायचे भान त्या आठवणीतून आले, तरी पुष्कळ झाले.