विश्लेषण : ३५ हजार किलोमीटर उडून आलेल्या अमेलिया इअरहार्ट यांना दोन किलोमीटरचे बेट का सापडले नाही?

हाऊलँड बेट साध्या नकाशावर दिसतच नाही. हवाईपासून सुमारे तीन हजार किलोमीटर नैर्ऋत्येला, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला असलेला हा प्रवाळाचा तुकडा. लांबी दोन-अडीच किलोमीटर, रुंदी किलोमीटरहूनही कमी आणि समुद्रापासून उंची जेमतेम सहा मीटर. २ जुलै १९३७ रोजी जगातील सर्वांत प्रसिद्ध महिला वैमानिक अमेलिया इअरहार्ट या बेटाच्या शोधात निघाल्या आणि परतल्या नाहीत. त्यानंतर गूढकथांचे पेव फुटले. पण ते उड्डाण कागदावर कसे आखले होते, हे पाहिले की गूढ बरेचसे निवळते.

अमेलिया इअरहार्ट कोण होत्या?

जन्म २४ जुलै १८९७, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील ॲचिसन गावचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी टोरांटोत जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. डिसेंबर १९२० मध्ये कॅलिफोर्नियात दहा मिनिटे विमानात बसायला मिळाले आणि पुढच्याच महिन्यात त्या नेटा स्नूक या महिला वैमानिकेकडे शिकायला गेल्या. फीसाठी टेलिफोन कंपनीत नोकरी केली. पुढे बोस्टनमध्ये स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्थेत समाजसेविका म्हणून रुजू झाल्या.

तिथेच १९२८ मध्ये त्यांना विचारणा झाली : विमानातून अटलांटिक ओलांडणारी पहिली महिला व्हाल का? त्या गेल्या; पण विमान दोन पुरुषांनी चालवले. वेल्समध्ये उतरल्यावर सत्कार मात्र अमेलियांचा! आपण बटाट्याच्या पोत्यासारख्या केवळ वाहून नेल्या गेलो, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. ही बोच त्यांनी चार वर्षे जपली. २० मे १९३२ रोजी न्यूफाउंडलंडमधून त्या एकट्या निघाल्या. वाटेत उंची दाखवणारे यंत्र बंद पडले, पंखांवर बर्फ साचला. तरी सुमारे १५ तासांनी उत्तर आयर्लंडच्या एका कुरणात त्यांनी विमान उतरवले. जानेवारी १९३५ मध्ये त्यांनी होनोलुलूहून कॅलिफोर्नियापर्यंत एकटीने उड्डाण केले. महिला वैमानिकांच्या ‘नाइंटी-नाइन्स’ संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षही होत्या.

मग हाऊलँडच का?

पृथ्वीप्रदक्षिणा त्यांच्याआधीही झाल्या होत्या. अमेलियांना ती विषुववृत्ताच्या जवळून, म्हणजे सर्वांत लांबच्या वाटेने करायची होती. पर्ड्यू विद्यापीठाच्या मदतीने लॉकहीड इलेक्ट्रा हे दोन इंजिनांचे विमान मिळाले. प्रश्न होता प्रशांत महासागराचा. एका टप्प्यात तो ओलांडण्याइतके इंधन विमानात मावणारे नव्हते. हवेतच इंधन भरण्याचाही विचार झाला. शेवटी हाऊलँडवर उतरायचे ठरले. अमेरिकेने १९३५ पासून तिथे हवाईतील काही तरुणांना वसवले होते, ते बेटावर आपला हक्क पक्का करण्यासाठी. तिथे धावपट्ट्या साफ करण्यात आल्या.

मूळ बेत पश्चिमेकडे जाण्याचा होता आणि त्यात हाऊलँड सुरुवातीलाच येत होते. मार्च १९३७ मध्ये त्या ओकलंडहून होनोलुलूला पोहोचल्या. पण २० मार्चला हाऊलँडकडे निघताना धावपट्टीवरच विमान घसरून मोडले. दुरुस्तीत दोन महिने गेले, ऋतू बदलला, वारे बदलले, म्हणून दिशा उलटी केली. परिणामी सर्वांत अवघड टप्पा सर्वांत शेवटी आला. माणसे आणि यंत्रे दोन्ही थकलेली असताना. दुसरा बदल कमी चर्चेत येतो. मोर्स आणि रेडिओ यांत तरबेज असलेले हॅरी मॅनिंग या अपघातानंतर मोहिमेतून बाहेर पडले. उरले फ्रेड नूनन : पॅन अमेरिकनचे प्रशांत महासागरी मार्ग आखण्यात वाटा असलेले निष्णात नेव्हिगेटर. पण मोर्समध्ये ना ते सफाईदार होते, ना अमेलिया.

भारतातून प्रवास कसा झाला?

१ जूनला मायामीहून निघून दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि तांबडा समुद्र ओलांडत दोघे १५ जूनला कराचीत उतरले. सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. १७ जूनला कोलकात्याचा दमदम विमानतळ. मान्सून सुरू झालेला, मैदान चिखलाने भरलेले. इंधनाने जड झालेले विमान टोकाच्या झाडांवरून कसेबसे निघाले. पुढे अक्याब (आजचे म्यानमारमधील सित्वे) इथून उडाल्यावर पावसाने त्यांना माघारी फिरवले. परत येण्यासाठी मागे विमानतळ होता, ही चैन पुढे मिळणार नव्हती.

शेवटच्या टप्प्याचे गणित काय होते?

न्यू गिनीतील लाए ते हाऊलँड अंतर सुमारे ४,११३ किलोमीटर. अंदाजे १८ तास आणि जवळपास ४,१०० लिटर इंधन. सकाळी दहाला निघायचे, रात्रभर ताऱ्यांवरून जागा काढायची आणि उजाडताना बेटावर पोहोचायचे. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे पोहोचतानाही तारीख २ जुलैच.

एवढ्या अंतरावर दिशा एक अंशाने चुकली तर माणूस सुमारे ७२ किलोमीटर बाजूला जातो. ताऱ्यांवरून जागा काढताना घड्याळ अवघे चार सेकंद चुकले, तर विषुववृत्तावर जवळपास दोन किलोमीटरची चूक होते, म्हणजे एक अख्खे हाऊलँड! त्यामुळेच रेडिओवरून अचूक वेळ मिळेना तेव्हा लाएहून निघणे एक दिवस पुढे ढकलले गेले. नूननसारखा माणूसही विमानाला बेटाच्या टप्प्यात आणू शकत होता, नेमके बेटावर नाही. शेवटचे काही किलोमीटर रेडिओवर सोडलेले होते.

रेडिओचे काय बिनसले?

इथे वाचताना खरोखर कपाळाला हात लावावासा वाटतो. बेटाजवळ तटरक्षक दलाचे ‘इटास्का’ जहाज थांबले होते. अमेलियांनी त्याला ७५०० किलोहर्ट्झवर संकेत पाठवायला सांगितले होते. विमानातील दिशाशोधक अँटेना इतक्या वरच्या कंप्रतेवर दिशा दाखवू शकत नव्हती. उलट, विमान ३१०५ वर बोलत होते आणि जहाजावरील दिशाशोधक ५०० च्या आसपासच चालत होता. म्हणजे दोघांकडे यंत्रे होती, पण एकमेकांच्या उपयोगाची नव्हती. त्यात ५०० साठी उपयोगी पडणारी मागे लोंबणारी अँटेना मायामीतच काढून ठेवलेली. जहाजाचे घड्याळ ग्रिनिचपेक्षा साडेअकरा तास मागे, अमेलियांचे ग्रिनिचवर. लाएमध्ये १ जुलैला घेतलेल्या चाचणीतही दिशा मिळाली नव्हती. लाएचे केंद्र फार जवळ आहे, म्हणून असे झाले असावे, असे समजून तो विषय तिथेच संपला. अभियांत्रिकी शिकलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल : चाचणी नापास, कारण सोयीचे आणि मुदत डोक्यावर.

त्या सकाळी जहाजाला अमेलियांचा आवाज स्पष्ट येत होता. जहाजाचे बोलणे त्यांना ऐकू येत नव्हते. सात बेचाळीसला त्यांनी कळवले की बेट जवळच असायला हवे, पण दिसत नाही आणि इंधन संपत आले आहे. नंतर ७५०० वरचा संकेत त्यांना ऐकू आला. दिशा मात्र मिळाली नाही. आठ त्रेचाळीसच्या शेवटच्या संदेशात त्या १५७-३३७ अंशांच्या रेषेवर उत्तर-दक्षिण फिरत असल्याचे समजले. उगवत्या सूर्यावरून काढलेली ही रेषा. आपण या रेषेवर आहोत एवढे कळते; तिच्यावर नेमके कुठे, हे नाही. पर्यायी धावपट्टी आखणीत नव्हतीच.

शोध कुठवर आला?

‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू नौकेसह नौदलाने १९ जुलैपर्यंत समुद्र पिंजून काढला. ५ जानेवारी १९३९ रोजी न्यायालयाने अमेलियांना मृत घोषित केले. विमान हाऊलँडजवळ बुडाले, हे मत सर्वाधिक मान्य आहे; निकुमारोरो बेटाचा दावाही अधूनमधून डोके वर काढतो. जानेवारी २०२४ मध्ये सोनारवर विमानासारखी आकृती दिसली म्हणून गाजावाजा झाला, नोव्हेंबरमध्ये तो खडक निघाला.

२ जुलै १९६७ रोजी ॲन पेलेग्रेनो या अमेरिकी वैमानिक तशाच लॉकहीड विमानातून त्याच वाटेने आल्या. ढग आणि पावसाच्या सरींत त्यांनाही बेट सहजी दिसले नाही. दिसले, तेव्हा त्यांनी वरून एक पुष्पचक्र सोडले आणि न उतरता पुढे निघून गेल्या.