औंधचे वेदमुद्रक : पंडित सातवळेकर

आपले आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे; पण इ. स. १९४८ पर्यंत ते औंध संस्थानात होते, हे आपल्या वर्गातील पुष्कळांना ठाऊक नसते. औंध संस्थान म्हणजे बहात्तर गावांचा, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला मुलूख. एक तुकडा साताऱ्याकडे, एक आपल्या माणदेशात, एक पार विजापुराकडे. संस्थान लहान, पण राजा हौशी. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ दिला, औंधच्या डोंगरावर चित्रांचे संग्रहालय उभारले, आणि कैद्यांची स्वतंत्रपूरची खुली वसाहत त्यांच्याच कारकिर्दीत आपल्या शिवाराशेजारी १९३९ साली वसली. या गोष्टी आपल्याकडे सांगितल्या जातात. पण याच राजाच्या बोलावण्यावरून औंधला आलेल्या एका माणसाने तिथल्या छापखान्यात चारही वेद छापून काढले, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर होत.

त्यांचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी सावंतवाडीजवळच्या कोलगावी झाला. घर वैदिक भिक्षुकाचे. मुलाने पोथी हाती धरली, तसाच कुंचलाही धरला. सावंतवाडीत चित्रकलेचे पहिले धडे घेऊन ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि उत्तम चित्रकार होऊन बाहेर पडले. पुढे हैदराबादेत त्यांनी चित्रे व छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय केला. तो चांगला चालला होता. माणूस तिथेच राहता तर संस्थानिकांची तैलचित्रे काढून सुखाने म्हातारा झाला असता.

पण हैदराबादेत त्यांचा आर्य समाजाशी संबंध आला आणि वेदांच्या अभ्यासाने त्यांना पुरते धरले. स्वामी दयानंदांच्या सत्यार्थ प्रकाशाचे मराठी भाषांतर त्यांनी केले. मग निजामाच्या राज्यातून बाहेर पडून हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात अध्यापन, तिथून लाहोरला पुन्हा चित्रशाळा, अशी भटकंती झाली. मध्यंतरी कोल्हापूरच्या विश्ववृत्त मासिकात वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवर त्यांनी एक लेख लिहिला. सरकारला त्या प्रार्थनांत राजद्रोह दिसला! संपादक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांना तुरुंगात जावे लागले. सातवळेकरांनाही पकडून कोल्हापुरास आणले. ते शेवटी सुटले. हजारो वर्षांपूर्वीच्या मंत्रांचा इंग्रज सरकारला धाक वाटावा, ही मला तरी मोठी गंमत वाटते.

इ. स. १९१८ च्या सुमारास बाळासाहेबांच्या बोलावण्यावरून ते औंधास आले. राजा स्वतः चित्रकार, पाहुणाही चित्रकार. पण सातवळेकर आता चित्रांसाठी आलेले नव्हते. वयाची पन्नाशी ओलांडलेली, आणि आमच्याकडे या वयाचा माणूस मुलाच्या हाती संसार देण्याचा विचार करतो! यांनी त्या वयात स्वाध्याय मंडळ स्थापन केले, छापखाना उभा केला आणि आयुष्याचे खरे काम तेव्हा सुरू केले.

ते काम किती अवघड होते हे कळण्यासाठी वेद त्यावेळी कुठे होते ते पाहावे लागेल. मुख्यतः ते माणसांच्या तोंडात होते. गुरूने म्हणायचे, शिष्याने ऐकून पाठ करायचे. एक अक्षर इकडचे तिकडे होऊ नये म्हणून पद, क्रम, जटा, घन असे उलटसुलट म्हणण्याचे प्रकार त्या लोकांनी बसविलेले होते. ऋग्वेदात १०२८ सूक्ते आणि दहा हजारांवर मंत्र आहेत. एवढे सगळे मुखोद्गत! यात स्मरणशक्तीचा पराक्रम आहेच. परंतु या पद्धतीत दोन गोष्टी होत्या. एक, म्हणणारे घर संपले की त्याची शाखाही संपली. यजुर्वेदाच्या मैत्रायणी शाखेची मोजकी घरे नाशिक-खानदेशाकडे उरलेली होती. आणि दुसरी, ज्याला म्हणण्याचा अधिकार नाही त्याच्या कानावर ते पडायचेच नाही. माझे आजोबा मेंढरांमागे फिरले. त्यांच्या आजोबांना वेद म्हणजे काय असे विचारले असते, तर ती ब्राह्मणाच्या घरातली वस्तू, एवढेच सांगता आले असते.

वेद छापले गेले नव्हते असे नाही. मॅक्स म्युलरने सायणभाष्यासह ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळात सहा मोठ्या खंडांत प्रसिद्ध केला, तो इंग्लंडात. मैत्रायणी आणि काठक या यजुर्वेदाच्या दुर्मिळ संहिता श्रोडर नावाच्या पंडिताने जर्मनीत छापल्या. म्हणजे आपल्याकडची पोथी आपल्याला पाहायची तर ती परदेशातून मागवायची, आणि तीही पुष्कळ पैसे मोजून. खेड्यातल्या शाळामास्तराला ते जमणार कसे?

सातवळेकरांनी औंधमध्ये बसून मूळ संहिता छापायला घेतल्या. हस्तलिखिते आणि आधीच्या छापील आवृत्त्या ताडून पाहायच्या, पाठ असलेल्या वैदिकांच्या म्हणण्याशी मेळ घालायचा, आणि मग खिळे जुळवायचे. वेदाचा मजकूर इतर संस्कृतासारखा नुसता जुळवून चालत नाही. त्यात स्वर दाखवावे लागतात. ऋग्वेदात अनुदात्त अक्षराखाली आडवी रेघ, स्वरिताच्या डोक्यावर उभी रेघ, आणि उदात्त कोरा. सामवेदात तर अक्षरांच्या डोक्यावर आकडे येतात. एक रेघ सरकली की उच्चार बदलतो, आणि वैदिकाच्या दृष्टीने मंत्रच बिघडतो. एकेका ओळीत अक्षर, वरची खूण, खालची खूण असे तीन मजले हाताने जुळवायचे आणि मुद्रिते पुन्हा पुन्हा वाचायची. चित्रकाराची नजर इथे कामी आली असावी, असे मला वाटते. केसाएवढी रेघ कुठे संपते ते पाहण्याची सवय त्या हाताला पूर्वीपासूनच होती.

आणि हे कुठे? तर रेल्वे स्टेशनही नसलेल्या औंधमध्ये. जवळचे स्टेशन रहिमतपूर. अशा ठिकाणाहून ऋग्वेद, यजुर्वेद, सामवेद, अथर्ववेद यांच्या संहिता निघाल्या. पुढे १९४०-४३ या काळात, महायुद्ध चालू असताना, मैत्रायणी व काठक याही संहिता औंधहून बाहेर पडल्या. ज्या दोन ग्रंथांसाठी अभ्यासकाला जर्मनीकडे पाहावे लागे, ते आता सातारा जिल्ह्याच्या पत्त्यावर पत्र टाकून मागविता येऊ लागले. त्याच काळात त्यांनी दैवत-संहिता काढली. तीत अग्नीचे मंत्र एकत्र, इंद्राचे एकत्र, अशी देवतावार मांडणी केली. परंपरेच्या माणसांना अशी मोडतोड आवडणे कठीणच. पण नव्या वाचकाला एका देवतेविषयी सगळे एका जागी सापडावे, हा त्यातील हेतू मला पटतो.

ग्रंथ छापला म्हणजे तो वाचला गेला असे होत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून वैदिक धर्म हे हिंदी आणि पुरुषार्थ हे मराठी मासिक त्यांनी चालविले. गुरूशिवाय घरबसल्या संस्कृत शिकता यावे यासाठी संस्कृत पाठमालेचे चोवीस भाग काढले. त्यातला एक जुना, पाने पिवळी पडलेला भाग मला वाचायला मिळाला. पहिल्या पानापासूनच लहान लहान वाक्ये आहेत. व्याकरणाची भीती घातलेली नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. संस्कृत शाळेत तीन वर्षे होते आणि त्या तीन वर्षांत माझी फक्त रूपे पाठ झाली. त्या पाठमालेतले पहिले दहा पाठ मी कोणाला न विचारता वाचले.

त्यांनी वेदांचे जे अर्थ लावले त्यांविषयी मात्र मतभेद होतील. राष्ट्र, शासन, आरोग्य असे आजचे सगळे विषय ते मंत्रांतून काढून दाखवितात, तेव्हा काही ठिकाणी ओढाताण झाल्यासारखे वाटते. त्यांच्या राजकीय मतांविषयीही तसेच. ते औंधच्या प्रजा परिषदेच्या चळवळीत होते, संस्थानात १९३९ साली प्रजेच्या हाती कारभार आला त्या घडामोडींत त्यांचा भाग होता, आणि ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचेही काम करीत. कोणाला यातील एक पटेल, कोणाला दुसरे. पण मूळ संहितेच्या पानावर त्यांनी स्वतःचे मत घातलेले नाही. ते पान ज्याला त्याला आपापला अर्थ लावायला, हवे तर भांडायलाही, मोकळे आहे. वेदांवर टीका करायची तरी ते आधी हाती पडायला हवेत. अधिकाराचा प्रश्न पोस्टाने येणाऱ्या पुस्तकाला विचारता येत नाही. मनिऑर्डर कोणाच्या घरून आली हे छापखाना पाहत नाही.

इ. स. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली आणि सातारा भागात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. त्याच वर्षी संस्थानही विलीन झाले. सातवळेकरांनी औंध सोडले. तेव्हा त्यांचे वय ऐंशी होते. तीस वर्षांचे ग्रंथ, कागद, यंत्रे, खिळे हे सारे घेऊन ते गुजरातेतील पारडी येथे गेले आणि तिथे मंडळ पुन्हा मांडले. आपल्या भागाचे यात जे नुकसान झाले त्याची मोजदाद कोणी केली नाही. औंधला जाणारे आज यमाईचे दर्शन घेतात, डोंगरावरचे संग्रहालय पाहतात आणि परततात.

पारडीत ते आणखी वीस वर्षे जगले आणि लिहीत, छापीत राहिले. लाहोरात जन्मलेले त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर हे नामवंत चित्रकार झाले. वडिलांनी खाली ठेवलेला कुंचला त्यांनी उचलला. वयाची शंभरी पुरी केलेल्या पंडितजींना १९६८ साली पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ३१ जुलै रोजी पारडी येथे त्यांचे निधन झाले. औंधच्या छापाच्या संहिता जुन्या ग्रंथालयांतून अजून आढळतात. मुखपृष्ठाच्या आत तळाशी पाहावे, तिथे औंध, जिल्हा सातारा असे छापलेले असते.