लारी नाणे आणि दुसरा अली आदिलशहा

अफजलखानाचा धडा शिकवताना विजापूरच्या बादशहाचे नाव येते आणि तिथेच संपते. पण आपला मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा तेव्हा त्याच्याच राज्यात होता. म्हणून आज त्याची गोष्ट सांगते, त्याच्या एका नाण्यावरून.

नाणे म्हटले की मुलांना गोल चकती आठवते. हे नाणे मात्र चांदीच्या तारेचे! तार मधोमध दुमडायची, ठोकून चपटी करायची आणि तिच्यावर ठसा मारायचा. दिसायला केसांच्या पिनेसारखे, वजन साधारण पाच ग्रॅम. मूळ इराणमधल्या लार गावचे, म्हणून नाव लारी. इराणच्या आखातातून येणारे व्यापारी कोकणच्या बंदरांत लारी देऊन माल घेत. चांदी चोख असल्याने ती सगळीकडे चालायची. दुसऱ्या अली आदिलशहाने स्वतःच्या नावाची लारी पाडली. राजधानी घाटावर, पण नाणे समुद्राचे, बघा!

अलीचा जन्म 1638 चा. 1656 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तो गादीवर बसला. हा खरा वारस नाही, असे कारण काढून मोगलांनी 1657 मध्ये बीदर आणि कल्याणी घेतली. 1659 मध्ये अफजलखान मारला गेला. 1660 मध्ये शिवराय पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले. 1664 मध्ये कुडाळकडे पाठवलेल्या खवासखानालाही माघार घ्यावी लागली आणि त्याच वर्षी शिवरायांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला.

तो नुसता हरणारा राजा नव्हता, बरं का. 1665-66 मध्ये मिर्झाराजे जयसिंग चालून आले, तेव्हा त्याने विजापूर राखले. दख्खनी भाषेत तो कविताही करायचा. 1672 मध्ये तो वारला. त्याची कबर असलेली बारा कमान ही इमारत विजापुरात आजही अर्धवट उभी आहे.

आता वर्गात एक प्रश्न विचारून बघा. नाण्यावर नाव असले म्हणजे किनारा आपला होतो का? लारीवर नाव अलीचे होते. पण समुद्रात किल्ला आणि आरमार उभे केले ते शिवरायांनी. पुढच्या वेळी सिंधुदुर्ग किल्ल्यावर सहल नेलीत, तर होडीत बसल्यावर मुलांना ही तारेच्या नाण्याची गोष्ट नक्की सांगा.