पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार

घरात पैसा नसेल तर मुलाने कोणते काम शिकायचे, हा प्रश्न शाळा संपण्याची वाट पाहत नाही. मायकेल फॅरेडेसमोर तो तेराव्या वर्षीच येऊन उभा राहिला.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील लोहार होते, पण प्रकृती साथ देत नसल्याने त्यांच्या हातून नियमित काम होत नसे. १८०१ मध्ये धान्य महागले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवडाभर पुरवायची म्हणून पावाची एकच लादी येई. शाळेत तो वाचायला, लिहायला आणि हिशेब करायला शिकला. शिक्षण तेवढ्यावरच थांबले.

१८०४ मध्ये तो जॉर्ज रीबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. गिऱ्हाइकांना वर्तमानपत्रे नेऊन द्यायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे त्याचे काम. वर्षभराने पुस्तकबांधणीची उमेदवारी मिळण्याची वेळ आली. त्या काळी मुलाला उमेदवार ठेवून घेताना मालक बहुधा पालकांकडून रक्कम घेत. लोहाराच्या घरात ती नव्हती. पण मुलाने वर्षभर इमानाने केलेले काम रीबो यांनी पाहिले होते. ७ ऑक्टोबर १८०५ रोजी सात वर्षांचा करार झाला आणि त्यात एक पैसाही मागितला गेला नाही.

बांधणीला आलेली पुस्तके मायकेल वाचू लागला. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक यांनी त्याला ओढ लावली. वाचले ते खरे आहे का, हे तो परवडेल तेवढ्या सामानात स्वतः करून पाही. १८१० पासून तो जॉन टेटम यांच्या विज्ञानावरील व्याख्यानांना जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग लागे. तो लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट देई. मायकेल व्याख्यानांची टिपणे काढी, घरी येऊन ती नीट लिहून काढी आणि स्वतःच्या हाताने बांधी.

या टिपणांमुळेच दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने, विल्यम डान्स यांनी, त्याला १८१२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उमेदवारी संपली. मायकेल पगारी बांधणी-कारागीर झाला, पण मन विज्ञानात होते. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे त्याने कामासाठी अर्ज केला. उत्तर आले नाही.

डिसेंबरमध्ये त्याने डेव्ही यांना पत्र लिहिले. या वेळी पत्रासोबत त्यांच्याच व्याख्यानांची, आकृत्यांसह लिहिलेली आणि स्वतः बांधलेली जाडजूड वही होती. डेव्ही हेही किशोरवयात पेन्झन्सच्या एका औषधविक्रेत्या वैद्याकडे उमेदवार होते. त्यांनी मायकेलला भेटीला बोलावले, पण जागा रिकामी नव्हती. हातचा धंदा सोडू नये, असा सल्लाही त्यांनी दिला. पुढे प्रयोगशाळेतला मदतनीस भांडणापायी कामावरून गेला आणि डेव्ही यांना त्या वहीवाल्या तरुणाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे यांची नेमणूक झाली. पगाराबरोबर इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहायला दोन खोल्या मिळाल्या.

काम जोखमीचे होते. नायट्रोजन आणि क्लोरीनच्या एका स्फोटक संयुगाने डेव्ही यांच्या डोळ्यांना आधीच इजा केली होती. नेमणुकीनंतर थोड्याच आठवड्यांत त्याच संयुगाच्या स्फोटात फॅरेडे यांच्या हाताला दुखापत झाली. चेहऱ्यावर काचेचा मुखवटा होता, म्हणून डोळे वाचले.

याच प्रयोगशाळेत त्यांनी १८२५ मध्ये बेंझिन वेगळे केले आणि २९ ऑगस्ट १८३१ रोजी विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवून दिले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे ते तत्त्व. वीजघरातले जनित्र त्यावर चालते. एमआरआय तपासणीत रुग्णाच्या शरीरातून येणारा सूक्ष्म संदेशही यंत्रातले वेटोळे याच तत्त्वाने टिपते.

पुढे फॅरेडे यांना विस्मरणाचा त्रास होऊ लागला. तेव्हा रोजच्या प्रयोगांची बारकाईने नोंद ठेवण्याची उमेदवारीतली सवयच कामी आली. शाळा लवकर सुटलेल्या या माणसाने मुलांसाठीच्या नाताळ व्याख्यानांच्या १९ मालिका दिल्या. मेणबत्तीवरची मालिका पुस्तकरूपाने आजही वाचली जाते. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले.

डेव्ही यांना पाठवलेली ती वही रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवली आहे.