स्वच्छ हातांचा डॉक्टर

मुलांनो, जेवणापूर्वी आई तुम्हांला हात धुवायला सांगते. दवाखान्यातील परिचारिकाही रोग्याला हात लावण्यापूर्वी आपले हात धुते. ही गोष्ट किती साधी आहे! पण ती इतरांना पटवून देण्यासाठी एका डॉक्टरला आयुष्यभर झगडावे लागले. त्यांचे नाव इग्नाझ सेमेलवाइस.

सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा शहरात झाला. त्यांचे वडील किराणा मालाचे व्यापारी होते. डॉक्टर झाल्यावर १८४६ साली सेमेलवाइस व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात प्रसूती विभागात काम करू लागले.

तेथे बाळंतिणींसाठी दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, तर दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात शंभरातील सुमारे १० माता दगावत, दुसऱ्यात सुमारे ४. त्यांतील बहुतेकींचा बळी बाळंतज्वर घेई. पहिल्या विभागात नेऊ नका, म्हणून गरीब स्त्रिया रडून विनवण्या करीत.

असे का होते? सेमेलवाइस यांनी दोन्ही विभागांतील हवा, अन्न, गर्दी यांची तुलना केली. गर्दी तर दुसऱ्याच विभागात जास्त होती! कारण सापडेना.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे मित्र प्राध्यापक कोलेच्का वारले. शवाची तपासणी चालू असताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शरीरात बाळंतज्वरासारखीच लक्षणे आढळली. सेमेलवाइस यांना कोडे उलगडले. डॉक्टर शवांची तपासणी करून तसेच बाळंतिणींकडे येत. सुइणी शवांना हात लावत नसत.

हे सत्य कडू होते. कारण सेमेलवाइस स्वतःही शवांची तपासणी करीत. आपल्याच हातांनी कित्येक मातांना मृत्यू दिला, हे त्यांनी मनाशी आणि जगापुढेही कबूल केले.

मे १८४७ मध्ये त्यांनी सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले. एप्रिलमध्ये शंभरात सुमारे १८ माता दगावल्या होत्या. जूनमध्ये सुमारे २.

तरीही अनेक मोठ्या डॉक्टरांना हे पटले नाही. आपले हात रोग पसरवतात, हे ऐकणे त्यांना अपमानाचे वाटले. रोगजंतूंची माहिती तेव्हा नव्हती. सेमेलवाइस यांनीही आपला ग्रंथ फार उशिरा, १८६१ साली छापला, आणि विरोधकांना कठोर पत्रे लिहून त्यांना आणखी दुखावले.

त्यांची नोकरी आधीच गेली होती. १८५० साली ते मायदेशी परतले व पेस्ट शहरात त्यांनी हेच काम चालू ठेवले. पुढे त्यांचे मन बिघडले. १८६५ साली त्यांना मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथेच १३ ऑगस्ट रोजी, जखम चिघळून, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

पुढे पाश्चर, लिस्टर यांच्या संशोधनाने त्यांचे म्हणणे खरे ठरले. आज जगभर डॉक्टर व परिचारिका रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतरही हात स्वच्छ करतात.

मुलांनो, दुसऱ्याची चूक शोधणे सोपे असते. आकडे आपलीच चूक दाखवू लागले, तर ती मान्य करायला मोठे मन लागते. सेमेलवाइस यांच्याजवळ ते होते.