जे दिले तेच उरले : शेठ प्रेमचंद रायचंद

मुंबईस गेलेल्या आपल्या बहुतेक वाचकांनी विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पाहिला असेल. पण ही राजाबाई कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती कोणी राणी नव्हती. सुरतेहून मुंबईस आलेल्या एका जैन व्यापारी कुटुंबातील ती माता होती. तिचा पुत्र शेठ प्रेमचंद रायचंद एके काळी मुंबईच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा होता. त्याने कोट्यवधी रुपये मिळवले आणि थोड्याच काळात ते घालवलेही. मात्र त्यातील जो भाग त्याने विद्यार्थ्यांसाठी बाजूला काढून ठेवला होता, तेवढा टिकला. आपल्या मुलांच्या कॉलेजच्या फीची चिंता करणाऱ्या प्रत्येक आईबापाने आणि दानधर्म करू इच्छिणाऱ्या प्रत्येक मंडळीने त्याचे चरित्र समजून घेण्यासारखे आहे.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ च्या सुमारास सुरतेत झाला. त्यांच्या वडिलांचे नाव रायचंद दीपचंद. मोगलांच्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील पहिले बंदर म्हणून गाजलेल्या सुरतेचे वैभव तोपर्यंत ओसरले होते. व्यापार मुंबईकडे वळला होता. त्यात १८३७ साली शहराला भयंकर आग लागली आणि त्याच वर्षी तापीला मोठा पूर आला. अनेक कुटुंबे गाशा गुंडाळून मुंबईस गेली. रायचंदांचे कुटुंबही मुंबईस येऊन स्थायिक झाले.

मुंबईत प्रेमचंदांना इंग्रजी शिक्षण मिळाले आणि त्याने त्यांचे जीवन बदलले. ते एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. शेअर दलालांत इंग्रजी बोलता, वाचता व लिहिता येणारे ते पहिले हिंदी गृहस्थ समजले जातात. इतर दलालांना साहेबांच्या बँकांशी व पेढ्यांशी दुभाष्यामार्फत बोलावे लागे. प्रेमचंद स्वतः जाऊन बोलत. कापूस, सोने-चांदी आणि शेअर या तिन्ही बाजारांत त्यांची पत वाढत गेली. शिक्षणाने माणसाला कोणते दार उघडते, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे तर स्वतःच्या अनुभवातून जाणले होते. पुढे त्यांनी जे दान केले त्याचे मूळ येथेच असावे असे वाटते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. पैसा आला की त्याला वाट हवी असते. नव्या बँका आणि नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करणारी बॅक बे कंपनीही त्यांतलीच. या साऱ्या उलाढालीच्या मध्यभागी प्रेमचंद शेठ होते. कोणत्या कंपनीचे शेअर कोणाला द्यायचे हे पुष्कळदा त्यांच्या शब्दावर ठरे. कारकून, वकील, अधिकारी, विधवा, सर्वच या नादाला लागले. बँक ऑफ बॉम्बेचा पाचशे रुपयांचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला.

याच भरभराटीत, १८६४ साली, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती आणि त्याला स्वतःची इमारतही नव्हती. त्याच वर्षी त्यांनी मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये देऊ केले आणि त्याला आपल्या आईचे नाव असावे एवढीच इच्छा व्यक्त केली. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि जैन नियमाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवता यावे म्हणून त्यांना घड्याळाच्या ठोक्यांचा उपयोग होई, अशी आख्यायिका सांगतात. मनोऱ्याचे काम १८६९ साली सुरू होऊन १८७८ साली पूर्ण झाले. जन्मगाव सुरतेलाही शेठ विसरले नाहीत. वडिलांच्या नावाने तेथे मुलींची शाळा उभी राहिली. मुलींनी शिकावे की नाही यावर जेव्हा घरोघर वाद होता, त्या काळातील ही गोष्ट आहे.

मग हिशेबाचा दिवस आला. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे पैसे चुकते करायचे होते. देणाऱ्यांकडे पैसे नव्हते, म्हणून घेणाऱ्यांनाही मिळाले नाहीत. पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. २,८५० रुपयांवर गेलेला बँकेचा तो शेअर सत्याऐंशी रुपयांवर आला. पुढे ती बँकच बंद करावी लागली आणि सरकारने चौकशी नेमली. पुरेसे तारण न घेता दिलेल्या कर्जांची प्रकरणे बाहेर आली. त्यांत प्रेमचंदांचे नाव ठळकपणे होते. शेठ स्वतः धुळीस मिळाले, आणि त्यांच्यावर विश्वासून ज्यांनी आयुष्याची पुंजी लावली होती ते किती तरी लोकही.

चरित्र लिहिताना हा भाग झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दात्याच्या दानाने त्याच्या व्यवहारातील दोष धुऊन निघत नाहीत. ज्या विधवेचे पैसे बुडाले तिला मनोऱ्याची घंटा ऐकून काय समाधान वाटले असेल? हा प्रश्न आपण मनात ठेवूनच पुढे गेले पाहिजे.

तरीही कथा येथे संपत नाही. १८६६ साली, म्हणजे त्या कोसळण्यानंतरच्याच वर्षी, कलकत्ता विद्यापीठात त्यांच्या दोन लाख रुपयांच्या देणगीतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती स्थापन झाली. बंगालमध्ये शेठजींचे ना घर होते ना गोत. ज्या मुलांची भाषा आपल्याला येत नाही, ज्यांचे तोंडही आपण पाहणार नाही, अशांसाठी हे दान होते.

या शिष्यवृत्तीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. शिष्यवृत्ती एकंदर दहा हजार रुपयांची होती. दोन लाखांवर शेकडा पाच दराने व्याज धरले तर वर्षाला दहा हजारच होतात. म्हणजे मुद्दलाला हात न लावता दर वर्षी एका विद्यार्थ्याची सोय होऊ शकते. रक्कम एकदाच वाटून टाकली असती तर वीस विद्यार्थ्यांत संपली असती. मुद्दल विद्यापीठाच्या हाती राहिले, म्हणून दाता कफल्लक झाला तरी झरा आटला नाही.

त्या झऱ्याचे पाणी कोण कोण प्याले ते पाहा. मैमनसिंग जिल्ह्यातील आनंदमोहन बोस या हुशार तरुणाने हीच शिष्यवृत्ती मिळवली आणि १८७० साली तो इंग्लंडला गेला. केंब्रिजच्या गणित परीक्षेत रँग्लर होणारा तो पहिला हिंदी विद्यार्थी होय. ते साल १८७४. परत आल्यावर त्याने कलकत्त्यात सिटी स्कूल काढले, तेच पुढे सिटी कॉलेज झाले. ज्याला मदत मिळाली त्याने दुसऱ्यांसाठी दार उघडले. आशुतोष मुखर्जी यांनी १८८६ साली ही शिष्यवृत्ती मिळवली. पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू होऊन त्यांनी तेथील उच्च शिक्षणाचा पाया घातला.

मराठी वाचकाला विशेष वाटेल असे नाव म्हणजे जदुनाथ सरकार. त्यांना ही शिष्यवृत्ती १८९७ साली मिळाली. तिच्यासाठी लिहिलेला औरंगजेबाच्या काळावरील प्रबंध १९०१ साली ग्रंथरूपाने आला आणि तेथून त्यांची इतिहासकार म्हणून वाटचाल सुरू झाली. १९१९ साली त्यांनी शिवाजी महाराज व त्यांचा काळ यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. रियासतकार सरदेसाई यांच्याशी त्यांचा स्नेह जन्मभर टिकला. महाराजांनी १६६४ आणि १६७० साली सुरत लुटली, तो प्रसंगही जदुनाथांनी आपल्या ग्रंथात लिहिला आहे. ज्यांच्या उमेदवारीला सुरतेच्याच शेठच्या दानाचा आधार लाभला, त्यांच्या लेखणीतून सुरतेचा हा इतिहास उतरला, हा योगायोग मनात भरतो.

प्रेमचंद शेठ मात्र पूर्वीच्या शिखरावर पुन्हा चढले नाहीत. धनकोंशी तडजोड करून ते शांतपणे कापसाच्या दलालीला लागले. १८७५ साली मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संस्था स्थापन केली, तिच्या संस्थापकांत ते होते. ऑगस्ट १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात आनंदमोहन बोसही निवर्तले, आणि त्याच वर्षी आशुतोष मुखर्जी कुलगुरू झाले. दाता गेला, त्याच्या दानावर शिकलेला एक गेला, आणि दुसरा सहस्रावधी विद्यार्थ्यांचा पालक होऊन उभा राहिला.

प्रिय वाचकहो, प्रभूने धनाविषयी किती तरी दृष्टांत सांगितले. कोठारे मोठी करू पाहणारा श्रीमंत आपल्याला ठाऊक आहे, आणि पद जाणार हे कळताच हाती असलेल्या अधिकाराचा उपयोग करून घेणारा कारभारीही. प्रेमचंदांचे जीवन या दोघांच्या मध्ये कोठे तरी उभे आहे. बाजारातले कोट्यवधी रुपये त्यांना वाचवता आले नाहीत. जे हाती असताना देऊन टाकले, तेच काळाच्या तडाख्यातून सुटले. धन आपले नाही, आपण कारभारी आहोत, हे आपण उपासनेत वारंवार ऐकतो. येथे ते हिशेबासह दिसते.

सुरतेजवळच्याच नवसारीचे जमशेटजी टाटा यांनाही १८६५ च्या त्या वादळाची झळ लागली होती. त्यांनी १८९२ साली वेगळी वाट काढली. त्यांच्या निधीतून परदेशी शिक्षणासाठी दान नव्हे, तर कर्ज मिळे. शिकून कमावता झालेला विद्यार्थी पैसे परत करी आणि ते पुढच्याच्या उपयोगी पडत. पहिल्या लाभार्थींत डॉक्टर झालेल्या कृष्णाबाई केळवकर या आपल्या महाराष्ट्रकन्या होत्या.

आज उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे कापडाच्या कारखान्यांत राबत आहेत. त्यांच्या मुलामुलींना बारावीनंतर पैशाअभावी थांबावे लागू नये, यासाठी आपल्याला काय करता येईल? दोन लाखांचा शेठ प्रत्येक मंडळीत नसतो. पण त्याची रीत कोणालाही घेता येते. दानार्पणातील ठरलेला भाग वेगळा ठेवावा, मुद्दल मोडू नये, व्याजातून एका मुलाची परीक्षा फी किंवा पुस्तके द्यावीत, आणि पंचांनी वर्षाचा हिशेब मंडळीपुढे ठेवावा. नोकरी लागल्यावर त्या मुलाने तेवढीच रक्कम निधीत घालावी, म्हणजे टाटांची रीतही साधेल.

पालकांनीही जागरूक असावे. शिष्यवृत्ती घरी चालत येत नाही. कॉलेजच्या कचेरीत व विद्यापीठात कोणकोणते निधी आहेत हे विचारावे. पुष्कळ जुन्या निधींची माहिती अर्ज न करणाऱ्यांना कधीच होत नाही. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बोनाफाईड ही कागदपत्रे निकालापूर्वीच तयार ठेवावीत. गाव महाराष्ट्रात आणि घर गुजरातेत असेल, तर आपला रहिवास कोणत्या राज्याचा धरला जातो हे आधीच पाहावे, कारण सरकारी शिष्यवृत्ती बहुधा त्यावरच अवलंबून असते. मिळणारी रक्कम दान आहे की परत करायचे कर्ज, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.

राजाबाई टॉवरकडे वर पाहताना त्याची उंची सहज डोळ्यांत भरते. पण शेठजींचे खरे स्मारक त्या दगडांत नाही. ते कलकत्त्यात शिकलेल्या, त्यांना कधीही न भेटलेल्या त्या तरुणांत आहे. असे स्मारक उभारायला श्रीमंती लागत नाही. हातात आहे तोवर देण्याची तयारी लागते.